गिटार न येणारा गिटारवाला

बोअरची जळालेली मोटार घेऊन लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या वायंडिंगच्या दुकानात कधी ताटकळत बसला असाल, तर कारागीर तांब्याची तार फेऱ्या मोजत कशी भरतो हे तुम्ही पाहिलं असेल. तशीच, पण केसाइतकी बारीक तार चुंबकांभोवती काही हजार वेळा गुंडाळली, की इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप तयार होतं. आपल्याकडे वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर जो बँजो वाजतो, त्याचा आवाजही पिकअपमधूनच भोंग्यापर्यंत जातो. लातूरच्या रितेश देशमुखचा २०१६ साली आलेला ‘बँजो’ सिनेमा याच वाद्याभोवती फिरतो.

गिटारच्या पिकअपची, त्याच्या स्विचची आणि बटणांची जी मांडणी आज जगभर चालते, तिच्यातला मोठा वाटा एका रेडिओ मेकॅनिकचा आहे. क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचं नाव. सगळे त्याला लिओ म्हणत. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नसे, आणि शेवटपर्यंत ती त्यानं शिकून घेतली नाही.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठ वर्षांचा असताना डोळ्यात गाठ झाली आणि डावा डोळा काढावा लागला. तिथं काचेचा डोळा बसवला. खोली आणि अंतर नेमकं कळायला मेंदूला दोन डोळ्यांची दोन किंचित वेगळी चित्रं लागतात. एकच डोळा असेल तर सुईत दोरा ओवणंही सुरुवातीला अवघड जातं. पण लहान मुलांचा मेंदू लवकर जुळवून घेतो. सावल्या, वस्तूंचा आकार, मान हलवल्यावर मागची-पुढची वस्तू किती सरकते, यावरून तो अंतराचा अंदाज बांधायला शिकतो. पुढं ज्याचं सगळं आयुष्य बारीक तारांना सोल्डर मारण्यात गेलं, त्याची सुरुवात अशी होती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीतून त्याला सूट मिळाली, तीही या डोळ्यामुळेच.

त्यानं शिक्षण घेतलं हिशेबनिसाचं आणि नोकरीही तीच केली. छंद मात्र रेडिओचा. महामंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यानं फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावोगावचे वादक बिघडलेले अँप्लिफायर घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. समोर बसलेल्या वादकाची तक्रार नीट ऐकून घ्यायची सवय त्याला इथंच लागली असावी. १९४३ मध्ये डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर त्यानं नुसतं पिकअप तपासायला म्हणून एक फळीवजा गिटार बनवली. गावातल्या वादकांना ती इतकी आवडली, की ते ती भाड्यानं मागून नेऊ लागले.

पिकअपचं काम सायकलच्या डायनामोसारखंच. चुंबकाजवळची पोलादी तार स्वतः थोडी चुंबक बनते. ती थरथरली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तांब्याच्या तारेत तेवढ्याच वेगानं हेलकावणारी वीज उमटते. म्हणून नायलॉनची तार लावली तर पिकअप मुकं राहतं. लिओच्या पिकअपमध्ये सहा तारांखाली सहा चुंबक असत आणि त्यांभोवती साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचे जवळपास आठ हजार वेढे. कारखान्यात हे काम मुख्यतः बायका करत. १९५६ मध्ये तिथं लागलेल्या अ‍ॅबिगेल इबारा यांनी भरलेली पिकअप आजही वादक शोधत फिरतात.

कंपनी निघाली १९४६ मध्ये. पहिली काही वर्षं इतकी ओढाताणीची होती, की टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या बायकोच्या, एस्थरच्या, पगाराचा मोठा आधार होता. १९५० मध्ये ठोकळ्यासारख्या सपाट लाकडाची एक गिटार बाजारात आली. नावावरून वाद होऊन पुढं ती टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तोवरच्या गिटार म्हणजे सुताराची नाजूक कलाकुसर. लिओनं मान वेगळी केली, ती स्क्रूनं जोडली आणि सगळी वायरिंग एका झाकणाखाली ठेवली. पेचकस आणि सोल्डरची इस्त्री असली की कुणीही ती उघडावी. माझ्या मते त्याचं सगळ्यांत मोठं काम हेच. रेडिओवाल्याला ठाऊक असतं, की आज विकलेली वस्तू उद्या दुरुस्तीला येणारच आहे.

स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप आणि एक स्विच होता. तीन कशाला? सतारीची तार घोडीजवळ छेडली तर आवाज टोकदार येतो, मधे छेडली तर गोल येतो. पिकअपचंही तसंच. घोडीजवळचं पिकअप धारदार स्वर उचलतं, मानेजवळचं भरीव. लिओच्या हिशेबानं एका वेळी एकच पिकअप चालू राहायचं, म्हणून त्यानं तीन खाचांचा स्विच घातला. वादकांनी मात्र वेगळंच शोधून काढलं. स्विचची दांडी दोन खाचांच्या मधे अलगद अडकवली, की दोन पिकअप एकदम लागतात. मग काही स्वर एकमेकांना खातात आणि एक पातळ, घंटेसारखा आवाज उरतो. कुणी काडी खुपसून दांडी तिथं रोखून धरी, तर कुणी स्विचची खाचच घासून घेई. कारखान्यानं पाच खाचांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये. म्हणजे तेवीस वर्षं ग्राहक कारखान्याच्या पुढं होते.

तिथून वायरिंग बदलण्याचा छंदच सुरू झाला. दोन पिकअप शेजारी-शेजारी जोडली तर आवाज मोकळा राहतो. एकापाठोपाठ एक जोडली, म्हणजे टॉर्चमधल्या सेलसारखी, तर आवाज जाड आणि मोठा होतो. एकाच्या दोन तारा उलट्या लावल्या तर खालचे स्वर गळून नाकातला आवाज येतो. टोनच्या बटणावरचा कंडेन्सर बदलला की धार कमी-जास्त होते. दहा-वीस रुपयांचा माल आणि अर्धा तास.

आणखी एक उपद्व्याप घुमण्याचा. वेटोळं जसं तारेची थरथर पकडतं, तशीच आजूबाजूच्या विजेची गुणगुणही पकडतं. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून मंडपात ट्यूबलाइटच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळ गेलं की भोंग्यातून घूं असा आवाज येतो. उपाय सुरेख आहे. दोन वेटोळी घ्या, एकाचा वेढा उलटा भरा आणि त्याचे चुंबकही उलटे बसवा. तारेचा आवाज दोन्हींत सुलट मिळतो आणि बेरीज होते. बाहेरची गुणगुण मात्र उलट-सुलट होऊन कटते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हे साधलं आणि लिओनं १९५७ मध्ये आपल्या बास गिटारला असंच दुभंगलेलं पिकअप दिलं.

पण घूं थांबावं म्हणून काही जण भलताच उपाय करतात. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापून टाकतात. हे जिवावरचं आहे. गिटारच्या तारा वायरिंगमधून अँप्लिफायरच्या बॉडीला आणि तिथून अर्थिंगला जोडलेल्या असतात. ती वाट तुटली आणि अँप्लिफायरमध्ये बिघाड असला, तर वीज तारांतून हातात शिरून छातीतून माइकला टेकलेल्या ओठापर्यंत जाते. ५० ते १०० मिलिअँपियर एवढी वीजही हृदयाचे ठोके बिघडवायला पुरते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वे हा गिटारवादक असाच मंचावर गेला. एका हाती गिटारच्या तारा, दुसऱ्या हाती अर्थिंग नसलेला माइक. पावसाळ्यात ओल्या मंडपात वाजवणाऱ्यांनी ‘अर्थिंग आहे का’ हे साउंडवाल्याला आधी विचारावं आणि पेचकस नंतर काढावा.

लिओच्या स्वतःच्या तब्येतीनं मात्र वेगळाच घोळ घातला. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्याला स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे सायनसचा संसर्ग झाला. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची तोंडं अरुंद असतात. ती सुजून बंद झाली की आतला स्राव साचतो आणि जंतू पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात. दुखणं वर्षानुवर्षं चाललं. माणूस इतका खचला, की आता आपलं आवरतं घ्यावं असं त्याच्या मनानं घेतलं. जानेवारी १९६५ मध्ये त्यानं स्वतःच्या नावाची कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्यानंतर थोड्याच काळात त्यानं डॉक्टर बदलला आणि तो बरा झाला.

दुसऱ्या डॉक्टरचं मत आधी घेतलं असतं तर, हा प्रश्न मनात येतोच. पैसा भरपूर मिळाला हे खरं. पण करारामुळे बरीच वर्षं त्याला स्वतःची गिटार काढता येईना. इकडे त्याच्या नावानं निघणाऱ्या गिटारी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत अशी वादकांची तक्रार वाढली. १९६५ च्या आधीच्या गिटारींना आज जो भाव येतो, त्यामागं ही तक्रारही आहे.

पासष्टीनंतर तो पुन्हा बाकावर बसला. म्युझिक मॅन कंपनीकडून १९७६ मध्ये बॅटरीवर चालणारं सर्किट पोटात असलेली बास गिटार निघाली. मग जॉर्ज फुलर्टन या जुन्या सहकाऱ्याबरोबर त्यानं जी अँड एल ही कंपनी काढली आणि पिकअपचे नवे प्रकार करत राहिला. शेवटच्या वर्षांत त्याला पार्किन्सन्स झाला. यात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजतात, हात थरथरतात, हालचाल मंदावते. बारीक तारा जोडणाऱ्याला याहून वाईट काय असणार? तरी तो कामावर येत राहिला. २१ मार्च १९९१ रोजी, ८१ व्या वर्षी तो गेला. त्याची कामाची खोली कंपनीनं पुढं अनेक वर्षं तशीच ठेवली होती, बाकावरच्या हत्यारांसकट.