सर्वांसाठी मोटार

(अमेरिकेतील प्रसिद्ध मोटार-कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे. जिद्दीच्या बळावर माणूस केवढे मोठे काम करू शकतो आणि तीच जिद्द हट्ट बनली तर त्याचे काय नुकसान होते, हे या पाठातून दिसून येते.)

आज रस्त्यावर जिकडे पाहावे तिकडे मोटारी धावताना दिसतात. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, शेतकरी असे सर्व प्रकारचे लोक मोटारीने प्रवास करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र अशी स्थिती नव्हती. युरोप-अमेरिकेत मोटारी नुकत्याच तयार होऊ लागल्या होत्या. त्या इतक्या महाग होत्या, की फक्त श्रीमंत माणसेच त्या विकत घेऊ शकत. सामान्य माणूस घोडागाडीने जाई किंवा पायी चाले. मोटार ही श्रीमंतांची चैन न राहता सर्वांच्या उपयोगाची वस्तू व्हावी, असे स्वप्न एका शेतकऱ्याच्या मुलाने पाहिले आणि ते खरे करून दाखवले. त्या मुलाचे नाव हेन्री फोर्ड.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. डिअरबॉर्न गावाजवळ त्याच्या वडिलांची शेती होती. वडील विल्यम फोर्ड हे आयर्लंडमधून अमेरिकेत आले होते. मुलाने आपल्यासारखीच शेती करावी, असे त्यांना वाटे. पण हेन्रीचे मन शेतीत रमत नसे. यंत्र दिसले, की ते कसे चालते हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. घरातील घड्याळे तो उघडी आणि पुन्हा जोडून ठेवी. पुढे पुढे शेजारीही आपली बिघडलेली घड्याळे त्याच्याकडे आणू लागले.

१८७६ साली हेन्रीची आई वारली. तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता. त्याला फार दुःख झाले. त्याच वर्षी एकदा तो वडिलांबरोबर घोडागाडीतून डेट्रॉइट शहराकडे चालला होता. वाटेत त्याला एक वाफेचे इंजिन दिसले. ते रुळांवरून नव्हे, तर साध्या रस्त्यावरून आपोआप चालत होते. हेन्रीने गाडीतून खाली उडी मारली आणि इंजिन चालवणाऱ्या माणसाला एकामागून एक प्रश्न विचारले. घोड्यांशिवाय चालणारी ती गाडी तो जन्मभर विसरला नाही.

सोळाव्या वर्षी हेन्री घर सोडून डेट्रॉइटला गेला. तेथे यंत्रांच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली. पगार थोडा होता. म्हणून रात्री तो एका जवाहिऱ्याच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करी. काही वर्षांनी तो गावी परतला. १८८८ साली क्लारा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. वडिलांनी त्याला जमीन दिली. पण यंत्रांची ओढ कमी झाली नाही. १८९१ साली पती-पत्नी पुन्हा डेट्रॉइटला आले. तेथील वीज कंपनीत हेन्रीला नोकरी मिळाली आणि दोनच वर्षांत तो मुख्य अभियंता झाला.

नोकरी सांभाळून हेन्री घरी पेट्रोलवर चालणारे इंजिन तयार करीत होता. १८९३ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री त्याने ते छोटे इंजिन स्वयंपाकघरात आणले व मोरीच्या कडेला घट्ट बसवले. क्लारा सणाच्या स्वयंपाकात गुंतली होती. त्यांचा मुलगा एडसेल त्या वेळी काही आठवड्यांचाच होता. क्लाराने हातातले काम बाजूला ठेवले आणि ती इंजिनात थेंब थेंब पेट्रोल सोडू लागली. हेन्रीने चाक फिरवले. एकदम आवाज झाला आणि इंजिन सुरू झाले!

त्यानंतर अडीच वर्षे हेन्री घरामागच्या खोलीत गाडी तयार करीत होता. ४ जून १८९६ रोजी पहाटे गाडी पूर्ण झाली. तिला सायकलची चार चाके होती. गाडी मागे नेण्याची सोय तिच्यात नव्हती. आता गाडी बाहेर काढायची, तेव्हा हेन्रीच्या लक्षात आले, की खोलीचे दार अरुंद आहे आणि त्यातून गाडी निघणार नाही! त्याने कुऱ्हाड घेतली, दाराजवळची विटांची भिंत फोडली आणि गाडी रस्त्यावर आणली. त्याच वर्षी त्याची प्रसिद्ध शास्त्रज्ञ एडिसन यांच्याशी भेट झाली. एडिसन यांनी त्याचे काम समजून घेतले व त्याला उत्तेजन दिले. त्यामुळे हेन्रीचा उत्साह दुप्पट झाला.

तरीही यश लगेच मिळाले नाही. १८९९ साली काही श्रीमंत लोकांच्या मदतीने फोर्ड यांनी पहिली कंपनी काढली. ती दीड वर्षातच बंद पडली. दुसरी कंपनी निघाली. पण भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे फोर्ड यांना ती सोडावी लागली. पुढे त्याच कंपनीतून 'कॅडिलॅक' ही प्रसिद्ध मोटार निघाली. दोनदा अपयश येऊनही फोर्ड खचले नाहीत. १६ जून १९०३ रोजी त्यांनी 'फोर्ड मोटर कंपनी' सुरू केली. त्या वेळी सर्व भागीदारांनी मिळून फक्त २८,००० डॉलर रोख जमवले होते. महिनाभरात हा पैसा जवळजवळ संपला. कंपनी बुडणार की काय, अशी भीती वाटू लागली. तेवढ्यात शिकागोच्या एका दाताच्या डॉक्टरने पहिली मोटार विकत घेतली आणि कंपनी तरली.

फोर्ड यांच्या भागीदारांना श्रीमंतांसाठी महाग मोटारी बनवायच्या होत्या. फोर्ड यांचे मत वेगळे होते. मोटार साधी, मजबूत आणि स्वस्त असावी, असा त्यांचा आग्रह होता. १ ऑक्टोबर १९०८ रोजी अशी मोटार बाजारात आली. तिचे नाव 'मॉडेल टी'. तिची किंमत ८५० डॉलरच्या आसपास होती. लोक तिला लाडाने 'टिन लिझी' म्हणू लागले.

ही मोटार बाळगणे म्हणजे एक वेगळाच अनुभव होता. आजच्यासारखी ती किल्लीने सुरू होत नसे. पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. त्याआधी ठिणगीची वेळ ठरवणारा दांडा नीट ठेवावा लागे. तो विसरला, तर हँडल उलटे फिरून जोराचा फटका बसे आणि कधी कधी मनगटही मोडे. पेट्रोल किती उरले, हे पाहण्यासाठी आसनावरची गादी उचलून टाकीत काठी बुडवावी लागे. मोठा चढ आला, की आणखी गंमत होई. पेट्रोलची टाकी आसनाखाली होती आणि पेट्रोल उतारावरून वाहत इंजिनात जाई. चढावर इंजिन टाकीपेक्षा उंच होई व पेट्रोल पोहोचत नसे. मग चालक गाडी वळवी आणि उलटी चालवत चढ चढून जाई!

असे असले तरी लोकांना ही मोटार फार आवडे. ती जमिनीपासून बरीच उंच होती. त्यामुळे चिखलाच्या व खड्ड्यांच्या रस्त्यांवरूनही ती चाले. बिघाड झाला, तर शेतकरी हातोडी, पकड आणि तारेचा तुकडा घेऊन स्वतःच ती दुरुस्त करी. एवढेच नव्हे, तर तो तिचे मागचे चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावी आणि त्यावर लाकडे कापण्याची करवत किंवा पाण्याचा पंप चालवी. खेड्यातील डॉक्टर रात्री-अपरात्री रोग्याकडे पोहोचू लागले. दूरच्या शेतावर एकाकी राहणारी कुटुंबे बाजाराला, नातेवाइकांकडे जाऊ लागली. एका मोटारीने खेडे आणि शहर जवळ आणले.

मागणी वाढली, तसा फोर्ड यांनी काम करण्याच्या पद्धतीचा विचार केला. पूर्वी गाडी एका जागी उभी असे व कामगार तिच्याभोवती फिरत. १९१३ साली फोर्ड यांच्या कारखान्यात गाडीच कामगारांपुढून सरकू लागली. प्रत्येक कामगार आपल्या जागी उभा राहून एकच काम करी. कोणी खिळा बसवी, कोणी चाकी आवळी. गाडीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत. आता सुमारे दीड तास पुरू लागला.

पण दिवसभर तेच ते काम करून कामगार कंटाळत आणि नोकरी सोडून जात. यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी रोजचे वेतन पाच डॉलर केले. हे पूर्वीच्या वेतनाच्या दुपटीहून अधिक होते. कामाचे तासही नवावरून आठ केले. नोकरीसाठी हजारो लोक कडाक्याच्या थंडीत कारखान्यापुढे जमले. मात्र हे वेतन मिळवण्यासाठी काही अटी होत्या. कामगार घरी कसा राहतो, पैसा कसा खर्च करतो, हे पाहायला कंपनीची माणसे त्याच्या घरी जात. कामगारांना हे आवडत नसे. तरी पण आपण बनवलेली मोटार आपणही विकत घेऊ शकू, असे प्रथमच त्यांना वाटू लागले. १९२५ पर्यंत सर्वांत स्वस्त मॉडेल टीची किंमत २६० डॉलरपर्यंत खाली आली.

यश मोठे होते. पण यशाबरोबर फोर्ड यांचा हट्टही वाढला. मॉडेल टीमध्ये बदल करायला ते तयार नसत. १९१४ ते १९२५ या काळात ही मोटार फक्त काळ्या रंगातच मिळे. असे सांगतात, की एकदा ते परदेशी गेले असताना अभियंत्यांनी सुधारलेली नवी गाडी तयार केली. परत आल्यावर फोर्ड यांनी ती स्वतःच्या हातांनी मोडून टाकली. मुलगा एडसेल आता कंपनीचा अध्यक्ष होता. काळ बदलला आहे, लोकांना आरामशीर व सुंदर गाड्या हव्या आहेत, हे तो वडिलांना पुन्हा पुन्हा समजावी. वडील ऐकत नसत. इकडे ग्राहक 'शेव्हरोले' या दुसऱ्या कंपनीच्या मोटारीकडे वळू लागले. शेवटी १९२७ साली दीड कोटी गाड्या झाल्यावर मॉडेल टी बंद करावी लागली. नवी गाडी तयार नसल्यामुळे कारखाना कित्येक महिने बंद राहिला आणि हजारो कामगार बेकार झाले.

फोर्ड यांच्या हातून याहूनही गंभीर चुका झाल्या. १९२० पासून त्यांच्या मालकीच्या वृत्तपत्राने ज्यू लोकांविरुद्ध खोटे आणि द्वेषाने भरलेले लेख छापले. त्यामुळे एका निरपराध समाजाविषयी लोकांची मने कलुषित झाली. खटला झाल्यावर १९२७ साली फोर्ड यांना जाहीर माफी मागावी लागली. पण पेरलेले विष परत घेता येत नाही. कामगारांनी संघटना स्थापन करणेही त्यांना मान्य नव्हते. १९३७ साली त्यांच्या रक्षकांनी संघटनेच्या लोकांना मारहाण केली. अखेर १९४१ मध्ये त्यांना संघटनेशी करार करावा लागला.

याच १९४१ साली फोर्ड यांनी महात्मा गांधींना आदराने पत्र लिहिले. गांधीजींनी त्यांना आपली सही असलेला चरखा भेट म्हणून पाठवला. एकाने यंत्राने जग बदलले, तर दुसऱ्याने चरख्याने देश जागा केला. दोघांचे मार्ग अगदी निराळे होते. तरीही त्यांना एकमेकांविषयी आदर वाटत होता.

१९४३ साली एडसेल आजारी पडून वारला. म्हाताऱ्या वडिलांना हा धक्का फार मोठा होता. त्यांनी पुन्हा कारभार हाती घेतला. पण आता त्यांची शक्ती कमी झाली होती. १९४५ साली त्यांनी सर्व कारभार नातवाकडे सोपवला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी नदीला पूर आला होता आणि घरातील वीज गेली होती. वीज कंपनीत अभियंता म्हणून पुढे आलेल्या आणि जगाला यंत्राचा वेग देणाऱ्या या माणसाने मेणबत्तीच्या उजेडात शेवटचा श्वास घेतला. त्यांचा जन्मही अशाच, विजेचे दिवे नसलेल्या शेतावरच्या घरात झाला होता.

भिंत फोडून गाडी बाहेर काढणारा हेन्री आपल्याला हिंमत शिकवतो. मुलाचे न ऐकणारे फोर्ड आपल्याला सावध करतात. जिद्द हवीच, पण दुसऱ्याचे म्हणणे ऐकण्यासाठी मनाचे दारही रुंद असावे लागते.

शब्दार्थ

चैन – मौज, ऐशआराम. चैन न पडणे – मनाला स्वस्थता न वाटणे. जवाहिऱ्या – दागिने व रत्ने विकणारा. उमेदवारी – काम शिकण्यासाठी केलेली नोकरी. अभियंता – इंजिनिअर. अरुंद – कमी रुंदीचा. उत्तेजन – प्रोत्साहन. खचणे – धीर सोडणे. तरणे – बुडता बुडता वाचणे. कलुषित होणे – मलिन होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) हेन्री फोर्ड यांचा जन्म कोठे झाला?
(२) हेन्रीने विटांची भिंत का फोडली?
(३) गांधीजींनी फोर्ड यांना कोणती भेट पाठवली?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मॉडेल टी चालवताना लोकांना कोणत्या अडचणी येत?
(२) शेतकऱ्यांना या मोटारीचा कसा उपयोग झाला?
(३) मॉडेल टी बंद करण्याची वेळ का आली?

प्र. ३. जिद्द आणि हट्ट यांतील फरक पाठातील प्रसंगांच्या आधारे तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
मन रमणे, चैन न पडणे, शेवटचा श्वास घेणे.