कवयित्री बहिणाबाई चौधरी



मागे मी जात्याच्या चित्राखाली घरोट असं लिहिलं, तर मुलं हसली. त्यांच्या घरीसुद्धा घरोटच म्हणतात, तरी हसली. मी शब्द खोडला. मग बाईंनी सांगितलं की बहिणाबाईंच्या एका कवितेचं नावच घरोट आहे. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. माहेरचं आडनाव महाजन. लहानपणीच लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. त्या कधीच शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं. ऐन तरुणपणी त्यांचे पती वारले. पदरात लहान मुलं. तरी त्यांनी शेती केली, संसार केला.

दळताना, शेतात काम करताना त्यांना गाणी सुचायची. ती आपल्या लेवा गणबोलीत असायची. मले, तुले असंच त्या म्हणायच्या, जसं आमच्या घरी म्हणतात. (माझी मामी धुळ्याकडची आहे, ती अहिराणी बोलते. ती माझा या शब्दाला मना म्हणते.)

त्यांचा मुलगा सोपानदेव शिकून कवी झाला. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी काही गाणी ऐकून वहीत लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांना फार आनंद झाला. १९५२ साली पुस्तक निघालं. बोली त्यांनी तशीच ठेवली, हे मला फार आवडलं. जी गाणी कोणी लिहिली नाहीत ती बहिणाबाईंबरोबरच गेली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं.

माझ्या आजीलाही लिहिता येत नाही. पण तिला दळणाच्या ओव्या येतात. आता तिला खूप विसरायला होतं. म्हणून रोज रात्री जेवण झालं की ती सांगते आणि मी लिहितो. मी पुस्तकातल्यासारखा शब्द लिहिला तर ती रागावते आणि परत म्हणायला लावते. आईलाही आता चार पाठ झाल्या आहेत.

अकरा ओव्या झाल्या. बारावी आजीला अर्धीच आठवते. शेजारच्या काकूंना ती पूर्ण येते म्हणे. रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.

इयत्ता चौथी