पंखा फिरवण्याआधी

५ मे १९३० रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून सव्वीस वर्षांची एमी जॉन्सन एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा जगाने तिचे धाडस पाहिले. त्या धाडसाचा पाया मात्र जमिनीवर घातला गेला होता.

हल गावच्या मासळी व्यापाऱ्याची ही मुलगी. अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागली. स्टॅग लेनच्या क्लबात विमान चालवायला शिकली. पण तेवढ्यावर न थांबता तिने इंजिनात हात घातले. १९२९च्या डिसेंबरात विमान-दुरुस्तीचा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली.

तिच्या ‘जेसन’ या जिप्सी मॉथ विमानाचे इंजिन बटण दाबून सुरू होत नसे. पुढचा लाकडी पंखा हातानेच फिरवावा लागे. चाकांपुढे ठोकळे हवेत, चालकाच्या जागी जाणता माणूस हवा. स्विच बंद आहे का, हे बाहेरच्याने विचारायचे. आतल्याने पाहून मोठ्याने सांगायचे. मग पंखा हळू फिरवून पेट्रोल ओढून घ्यायचे. पुन्हा पुकारा, पुन्हा उत्तर, आणि मगच स्विच चालू करून झटका. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तसाच हा प्रकार. पात्यावर बोटे आवळायची नाहीत, कारण इंजिन उलटे उसळले तर हात जातो. झटका देतानाच अंग मागे घ्यायचे.

खरी गोम मॅग्नेटोत आहे. त्याला बॅटरी लागत नाही. पंखा फिरला की ठिणगी पडते. स्विचची एक तार तुटली, तर बंद स्विचही इंजिन थांबवू शकत नाही. म्हणून उभा पंखासुद्धा जिवंत समजायचा.

वाटेत इंधन संपत आले म्हणून ती झाशीच्या लष्करी मैदानावर उतरली. रंगूनजवळ इन्सीनला विमान खड्ड्यात गेले, पंखा मोडला. सोबत बांधून आणलेला दुसरा कामी आला. २४ मे रोजी ती डार्विनला पोचली.

५ जानेवारी १९४१ रोजी, युद्धकाळात विमान पोचवायला जाताना, थेम्सच्या मुखाशी तिचा अंत झाला. ‘जेसन’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहे. ते पाहताना नजर पंखांवर जाते; ती जरा पुढच्या पंख्यावरही जावी. आकाशाला न भिणारी ही बाई त्या पात्याचा धाक मात्र बाळगून होती.