मगनवाडीतला हिशेबनीस

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. आपल्या १९७८च्या तुकडीत लिहिणारे दुसरे होते. माझा निबंध वर्गात कधी वाचून दाखवला गेला नाही, गणिताची वही मात्र सगळ्या बाकांवर फिरायची, हे ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांना आठवत असेल. पुढे आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. म्हणून लिहायचंच तर हिशेबाच्याच माणसाबद्दल लिहावं असं ठरवलं.

आठवीत असताना आपल्याला दोन-दोनच्या रांगेत मगन संग्रहालय पाहायला नेलं होतं. तऱ्हेतऱ्हेचे चरखे, तेलाचा घाणा, हातकागद, मधमाश्यांच्या पेट्या. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप पाहून कोणीतरी विचारलं होतं, की हा वाऱ्यानं विझत नाही का. सरांनी वहीत लिहायला सांगितलं : अखिल भारत ग्रामोद्योग संघ, स्थापना १९३४, चिटणीस जे. सी. कुमारप्पा. मी लिहिलं आणि विसरलो. दर रविवारी वडिलांचा हात धरून चर्चला जाणारा वर्गातला मी एकटाच मुलगा होतो. त्या जे.चा अर्थ जोसेफ आहे, हे त्या दिवशी कळलं असतं तर घरी जाऊन आईला नक्की सांगितलं असतं. ते कळायला मला साठी ओलांडावी लागली.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे त्यांचं मूळ नाव. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावरचा. घर तमिळ ख्रिस्ती, भाविक आणि शिकलेलं. वडील सरकारी बांधकाम खात्यात होते. जोसेफ लंडनला जाऊन चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि परत येऊन मुंबईत व्यवसाय करू लागले. सूट-बूट, हातात छडी, वागणं सगळं साहेबी. मग १९२७मध्ये अमेरिकेला गेले. सिराक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन या नामांकित अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली सार्वजनिक अर्थकारण शिकू लागले. भारताच्या दारिद्र्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक व्याख्यान दिलं होतं. त्याची बातमी वृत्तपत्रात आली, सेलिग्मनांनी ती वाचली आणि याच विषयावर प्रबंध कर असं सुचवलं. जोसेफनी सरकारचे जमाखर्च उलगडायला घेतले. कर कोणाकडून येतो आणि पैसा कुठे जातो हे आकड्यांत दिसू लागलं, तसतसा हा साहेबी माणूस आतून बदलत गेला. भाषणांनी न बदललेला माणूस ताळेबंद वाचून बदलला, याचं मला आमच्या धंद्यातला म्हणून फार कौतुक वाटतं.

१९२९मध्ये ते परतले. प्रबंध छापायचा होता, कोणीतरी गांधीजींना दाखवा म्हणालं. ९ मेला ते साबरमतीला पोहोचले. झाडाखाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारे गृहस्थ सूत कातत बसलेले. हेच गांधी, हे कळल्यावर बसायला खुर्ची नाही म्हणताना भारी सुटासकट जोसेफ तिथेच जमिनीवर टेकले. प्रबंध पुढे ‘यंग इंडिया’त क्रमशः आला. गुजरात विद्यापीठात त्यांना काम मिळालं आणि खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांच्याकडे आली. विद्यार्थ्यांना घेऊन ते गावोगाव फिरले, घरोघरचं उत्पन्न नि देणं उतरवून घेतलं. याच सुमारास कॉर्नेलियस जाऊन घराण्यातलं जुनं कुमारप्पा हे नाव आलं. नाव बदललं, धर्म बदलला नाही. आपल्याकडे पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ती गोष्ट. १९३०चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देशातला ख्रिस्ती समाज मोठ्या पेचात होता. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे. शाळा, दवाखाने मिशनचे, आणि ती चालवणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांना सरकारविरुद्ध जाणार नाही अशी हमी द्यावी लागे. कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट, म्हणजे हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख, यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणुकीत बसत नाही असं जाहीर केलं. ते वाईट माणूस नव्हते. गांधीजींशी त्यांचे संबंधही सलोख्याचे होते. पण चर्चचा शब्द सरकारच्या बाजूनं पडला तो पडलाच.

कुमारप्पा हे चर्चच्या बाकावर वाढलेले. त्यांनी गप्प बसायचं नाकारलं आणि बिशपना जाहीर उत्तर दिलं. देशभरच्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांनाही आवाहन केलं. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर असं, की अन्यायापुढे मान न झुकवता आणि हात न उगारता उभं राहणं हे जर ख्रिस्ताच्या अनुयायाचं काम नसेल, तर त्याचं काम तरी कोणतं? ज्या येशूच्या नावानं आपण जमतो तो स्वतः परक्या साम्राज्याखाली पिचलेल्या देशातला सुतार होता. त्याची मंडळी साम्राज्याच्या ओसरीवर बसून आपली शाळा, आपली जमीन, आपली पदं सांभाळत राहिली, तर ती चुकीच्या घरी बसली आहे. गांधीजी पकडले गेल्यावर ‘यंग इंडिया’चं काम कुमारप्पांनी अंगावर घेतलं आणि तुरुंगात गेले. १९३२मध्ये पुन्हा तुरुंग.

सगळ्या मंडळ्यांनी त्यांचं ऐकलं असं मुळीच नाही. पण आपण या देशात कशासाठी आहोत, हा प्रश्न एका ख्रिस्ती माणसानं चर्चच्या आत, चर्चच्याच भाषेत विचारला होता.

१५ जानेवारी १९३४ला बिहारचा भूकंप झाला. राजेंद्रबाबूंच्या मदतकार्याचा हिशेब कुमारप्पांकडे आला. पै न् पैची नोंद. कार्यकर्त्यांच्या जेवणाचा रोजचा खर्च त्यांनी काही आण्यांवर बांधून टाकला होता. खुद्द गांधीजी आपल्या मंडळींसह येणार म्हणताच त्यांच्या दूधफळांचा खर्च या निधीतून होणार नाही, असं त्यांनी आधीच कळवून टाकलं. मला विचाराल तर या माणसाची खरी उपासना ही होती. दुसऱ्याच्या दुःखासाठी आलेला पैसा म्हणजे वेदीवरचं दान, त्याला महात्म्यानंही हात लावायचा नाही.

त्याच वर्षअखेर ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालालजी बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि बंगला दिला, गांधीजींचे दिवंगत पुतणे मगनलाल यांच्या नावानं ती मगनवाडी झाली, आणि कुमारप्पा चिटणीस म्हणून इथे आले ते पंधराहून अधिक वर्षं वर्धेकर होऊन राहिले. गांधीजीही सेगावला जाण्याआधी मगनवाडीतच होते. ज्या काळात ही मंडळी जवळच्या सिंदी गावात झाडू-टोपली घेऊन सफाईला जात, त्या काळात लंडनचा हा अकाउंटंट घाण्याला कमी जोर लागून जास्त तेल कसं निघेल, हातसडीच्या तांदळात पोषण किती उरतं, गूळ कसा करायचा, असल्या प्रश्नांत बुडालेला असे. लग्न केलं नाही. शिस्त कडक, जीभ तिखट. वेळ चुकवणाऱ्याची धडगत नसे. (आपल्या पी.टी.च्या सरांची आठवण आली असेल तर तो योगायोग समजावा.) ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. आपण चाळीस-एक वर्षांनी रांगेनं गेलो ते तिथेच.

बेचाळीसच्या चळवळीत कुमारप्पा पुन्हा पकडले गेले. जबलपूरच्या तुरुंगात, तब्येत ढासळलेली असताना, त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक अर्थशास्त्राचं, ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’. दुसरं ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्याच्या नावातच त्यांचा झगडा दिसतो : आधी येशूचं वागणं, मग शिकवण. चर्चनं शतकानुशतकं मतांची तपासणी केली आणि वागण्याची तपासणी राहून गेली, असा त्यांचा आक्षेप. आमच्या भाषेत, चुकीच्या खात्याचं ऑडिट.

पहिलं पुस्तक वाचायला त्याहून सोपं आहे. निसर्गाकडे बघून त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आहेत. वाघ दुसऱ्याला मारून जगतो. माकड आमराईत फळं खातं, झाडासाठी काही करत नाही. मग स्वतःच्या कष्टावर जगणारे. मग मधमाश्या, आपल्या अख्ख्या पोळ्यासाठी राबणाऱ्या. आणि सगळ्यात वर पिलांना भरवणारी पक्षीण, जी मोबदल्याची वाट पाहत नाही. शेवटची ती सेवेची पायरी.

हे पुस्तक माझ्या हाती आलं त्याचं कारण आमची मंडळी. १९७०च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचं एक चर्च झालं, त्या सोहळ्याला माझे वडील रेल्वेनं गेले होते. परत आल्यावर कितीतरी दिवस ते उत्साहात होते, आता नवं काहीतरी होणार म्हणत. मी निवृत्त होऊन आमच्या लहानशा मंडळीचा खजिनदार झालो तेव्हा रविवारी जेमतेम तीस-पस्तीस माणसं यायची, तीही निम्मी म्हातारी. दोन वर्षं सभेत विषय एकच, कुंपणाची भिंत. तीन घरांचं आपसात बोलणं बंद झालं ते त्या भिंतीपायीच. पाळकसाहेब बिचारे दोन्हीकडून ऐकून घ्यायचे.

मी सवयीनं जुन्या वह्या काढल्या. दहा वर्षांचा खर्च : रंग, पंखे, माइक, भिंत, वार्षिक भोजन. भिंतीबाहेरच्या माणसासाठी खर्ची पडलेला एक रुपया सापडेना. कुठेही गैरव्यवहार नव्हता, पावती न् पावती जागच्या जागी. त्यानं जास्तच अस्वस्थ झालो. याच दिवसांत मगनवाडीच्या रस्त्यानं जाताना सहज आत वळलो, आणि आठवीतल्या वहीतलं ते नाव पुन्हा समोर आलं. या खेपेला जोसेफ हे पहिलं नावही वाचलं.

पाळकसाहेबांच्या परवानगीनं लेंटच्या बुधवारी आम्ही कुमारप्पांची पानं वाचू लागलो. मी मराठीत सांगायचो. पहिल्या बुधवारी नऊ जण. तिसऱ्या आठवड्यात पक्षी-प्राण्यांच्या पायऱ्या आल्या. आपली मंडळी यातल्या कुठल्या पायरीवर, असं मी विचारलं. बराच वेळ कोणी बोलेना. मग भिंतीसाठी सगळ्यात जास्त भांडलेल्या आमच्या एक मावशी म्हणाल्या, की माकडाच्या. हसू आलं सगळ्यांना, पण त्या हसत नव्हत्या.

पुढे जे झालं ते फार मोठं नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात यवतमाळ-चंद्रपूरकडून रुग्ण येतात आणि त्यांच्याबरोबरची माणसं आवारात पथाऱ्या टाकून राहतात, हे आपण वर्धेकर जन्मभर पाहत आलो. आता दर रविवारी उपासनेनंतर आमच्या हॉलमध्ये पोळ्या, वरण, भात, भाजी होते आणि डबे तिकडे जातात. सुरुवात वीस डब्यांनी केली. कोण कुठल्या धर्माचा हे विचारत नाही, पत्रकं वाटत नाही. हे ठरवताना वाद झालाच, दोघे नाराज होऊन यायचे थांबले, त्यातले एक परत आले. माणसं फार वाढली नाहीत, चाळीसच्या आसपास आहोत. पण जे तरुण ख्रिसमसपुरते उगवायचे ते आता डबे न्यायला मोटरसायकली काढतात. भिंत अर्धवटच आहे, दोन सभांत तिचा विषयच निघाला नाही.

कुमारप्पांचं पुढचं थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीनसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. दिल्लीच्या मोठमोठ्या योजनांशी त्यांचं जमलं नाही. आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला त्यांनी पन्नई आश्रम काढला (तमिळमध्ये पन्नई म्हणजे शेत). प्रकृतीनं साथ सोडली तेव्हा ते मदुराईजवळ कल्लुपट्टीच्या गांधी निकेतनात जाऊन राहिले, आणि १९६०मध्ये मद्रासला वारले. तारीख ३० जानेवारी, गांधीजी गेले तीच.

स्नेहमेळाव्याचं जेवण शनिवारी आहे. जे मुक्कामाला राहणार आहेत त्यांनी रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या हॉलवर यावं. कांदे चिरायला माणसं कमी पडतात. डबे पोहोचवून झाले की मगनवाडीत जाऊ, या वेळी रांगेनं जायची गरज नाही.