पदवीविना प्राध्यापक

संगणकाची आज्ञावली लिहू लागणाऱ्या प्रत्येकाला 'बूलियन' हा शब्द पहिल्या काही दिवसांतच भेटतो. अट खरी की खोटी, एक की शून्य, एवढेच सांगणाऱ्या राशीला हे नाव आहे. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन शब्दांनी बांधलेल्या अटींवर संगणक पुढची वाट निवडतो. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते जॉर्ज बूल विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी कधीच चढले नाहीत. चढले ते थेट प्राध्यापक म्हणून, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. प्रोग्रॅमिंग महाविद्यालयात जाऊन शिकावे की पुस्तके समोर ठेवून आपले आपणच, या वादात स्वयंशिक्षितांनी त्यांचे नाव पुढे करणे स्वाभाविक आहे. मात्र खुद्द बूल यांचे या बाबतीतले मत तितके सरळ नव्हते.

इंग्लंडमधील लिंकन या कॅथीड्रलच्या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जॉन बूल हे पादत्राणे तयार करणारे कारागीर. चामड्यापेक्षा भिंगांत रमणारा हा माणूस दुर्बिणी बनवायचा, मुलाला गणिताची गोडी लावायचा आणि या साऱ्यात दुकानाकडे दुर्लक्ष करायचा. त्याची किंमत पुढे घराला मोजावी लागली. जॉर्ज चार भावंडांत थोरला. प्राथमिक शाळा आणि नंतर व्यापारी शिक्षण देणारी एक शाळा, एवढेच त्याचे औपचारिक शिक्षण. लॅटिनचे पहिले धडे वडिलांच्या ओळखीतल्या एका पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक त्याने स्वतःच आत्मसात केली. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे केलेले भाषांतर स्थानिक वृत्तपत्रात छापून आले, तेव्हा एका शिक्षकाने या वयाच्या मुलाला हे जमणे शक्यच नाही, असा जाहीर आक्षेप घेतला. पदवी नसलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते, याचा पहिला अनुभव जॉर्जला असा घरच्या अंगणातच आला.

वडिलांचा धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षी, १८३१ मध्ये, कुटुंबाचा भार या मुलावर आला. डॉन्कास्टर येथील एका शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी त्याला मिळाली. शिकवण्याच्या उरल्या वेळात वाचायचे काय, हा प्रश्न त्याने पैशाच्या हिशेबाने सोडवला. गणिताचे पुस्तक इतर पुस्तकांपेक्षा फार हळू वाचून होते, म्हणजे त्याच पैशांत ते अधिक काळ पुरते. ज्ञानशाखा निवडण्याचे इतके व्यवहारी कारण क्वचितच कोणी दिले असेल. लाक्र्वा या फ्रेंच गणितज्ञाचे कलनशास्त्रावरील पुस्तक त्याने हाती घेतले. शिक्षक नाही, सहाध्यायी नाही, अडले तर विचारायला कोणी नाही. मागून आलेल्या ओळीवरून पुढची ओळ उलगडायची आणि न उलगडल्यास पुन्हा पहिल्या पानावर यायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रविवारीही, अगदी प्रार्थनेच्या वेळीसुद्धा, हा तरुण मास्तर गणिते सोडवतो, अशा तक्रारी मेथडिस्ट पालकांनी केल्या आणि ती नोकरी त्याला सोडावी लागली.

लिव्हरपूलमधील अल्पकाळाच्या नोकरीनंतर १८३४ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, बूल यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. पुढली पंधरा वर्षे आईवडील आणि भावंडांचा संसार त्यांनी शाळा चालवूनच ओढला. दिवसा मुलांची अक्षरे आणि हिशेब, रात्री लाग्रांज आणि लाप्लास.

या काळातील बूल यांना एकाकी साधक म्हणून रंगवण्याचा मोह अनेकांना होतो; तो टाळलेला बरा. लिंकनमध्ये याच सुमारास कारागिरांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. तिच्या ग्रंथालयाची आणि वस्तूंची देखभाल जॉन बूल यांच्याकडे होती, त्यामुळे नवी पुस्तके आणि विज्ञानाची नियतकालिके मुलाच्या हाती पडत. जवळच राहणारे सर एडवर्ड ब्रॉमहेड हे केंब्रिजमध्ये शिकलेले गणितप्रेमी जमीनदार आपल्या संग्रहातील ग्रंथ त्यांना वाचायला देत. विद्यापीठ नव्हते, पण विद्यापीठातून बाहेर पडलेला एक माणूस होता आणि त्याचे कपाट उघडे होते. ही सोय दुसऱ्यांनाही मिळावी, ही तळमळ बूल यांना पुढेही राहिली. दुकानांत रात्रीपर्यंत राबणाऱ्या पोरांना संध्याकाळी मोकळा वेळ मिळावा म्हणून लिंकनमध्ये झालेल्या चळवळीत ते होते आणि त्या मोकळ्या वेळेचा उपयोग कसा करावा, यावर त्यांनी १८४७ मध्ये व्याख्यानही दिले.

केंब्रिजची वाट एकदा त्यांच्यासमोर उघडली होती. 'केंब्रिज मॅथेमॅटिकल जर्नल'चे तरुण संपादक डंकन ग्रेगरी यांच्याकडे त्यांनी आपले लेखन पाठवले. त्यातील कल्पना नव्या होत्या, मांडणी मात्र ओबडधोबड. सिद्धता कशी लिहावी, कोणते सांगावे, कोणते वाचकावर सोडावे, ही गणिती लेखनाची शिस्त गुरूच्या किंवा संपादकाच्या लाल शाईशिवाय येत नाही. ग्रेगरींनी ती शाई वापरली आणि १८४१ पासून बूल यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. रीतसर केंब्रिजला येऊन पदवी घ्यावी का, असे बूल यांनी विचारले तेव्हा ग्रेगरींनी त्यांना खर्चाची कल्पना दिली आणि परीक्षेसाठी ठरलेला अभ्यासक्रम पाठ करावा लागेल, स्वतःचे संशोधन बाजूला ठेवावे लागेल, हेही बजावले. शाळा बंद केली तर घर कसे चालणार, हा प्रश्न तर होताच. बूल गेले नाहीत.

हा निर्णय योग्य ठरला का? एका अर्थाने हो. १८४४ मध्ये विश्लेषणातील एका सर्वसामान्य पद्धतीवरचा त्यांचा दीर्घ निबंध रॉयल सोसायटीकडे गेला. अनोळखी शाळामास्तराचा निबंध म्हणून तो परत जाण्याच्या बेतात होता. एका परीक्षकाने तो नाकारावा असे सुचवले, तर दुसऱ्याने त्याला सर्वोच्च सन्मान द्यावा, असे कळवले. दुसऱ्याचे मत मान्य झाले आणि सोसायटीचे रॉयल पदक गणितासाठी प्रथमच दिले गेले, ते बूल यांना. दुसऱ्या अर्थाने मात्र हिशेब वेगळा निघतो. जाणत्या शिक्षकाअभावी एकट्याने धडपडण्यात आपली जवळजवळ पाच वर्षे वाया गेली, असे बूल यांना पुढे वाटू लागले. आपल्या स्वयंशिक्षणाचा अभिमान मिरवणाऱ्यांपैकी ते नव्हते.

ज्या कामासाठी जग त्यांना ओळखते ते यानंतरचे. तर्कशास्त्र म्हणजे तत्त्वज्ञांची मालमत्ता, असे दोन हजार वर्षे चालत आले होते. १८४७ मध्ये एडिंबराचे सर विल्यम हॅमिल्टन आणि लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात तर्कशास्त्रातील एका मुद्द्याच्या श्रेयावरून जाहीर भांडण जुंपले. डी मॉर्गन यांचा जन्म भारतातला, मदुराईचा. बूल यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. या भांडणाने डॉन्कास्टरच्या माळावरून चालताना सुचलेली एक जुनी कल्पना बूल यांच्या मनात पुन्हा जागी झाली : विचारांचे नियम बीजगणिताच्या चिन्हांत का मांडता येऊ नयेत? त्याच वर्षी 'द मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस ऑफ लॉजिक' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक निघाले. अधिक विस्तृत असे 'लॉज ऑफ थॉट' १८५४ मध्ये आले.

कल्पना सांगायला सोपी आहे. 'क' म्हणजे सगळ्या लाल वस्तू आणि 'ख' म्हणजे सगळे माठ, असे मानले तर 'क' गुणिले 'ख' म्हणजे लाल माठ. लाल वस्तूंतून पुन्हा लाल वस्तू निवडल्या तर हाती तेच उरते. म्हणून 'क'चा वर्ग 'क'च होतो. नेहमीच्या अंकगणितात हा नियम फक्त दोन संख्या पाळतात, शून्य आणि एक. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे सगळे विश्व आणि एकातून 'क' वजा केला की उरते जे जे लाल नाही ते. एखादी वस्तू लाल आहे आणि नाहीही, असे होऊ शकत नाही, हा ॲरिस्टॉटलपासूनचा नियम येथे साध्या समीकरणातून आपोआप बाहेर पडतो. पदवीधर तर्कशास्त्र्याला ही वाट का दिसली नाही, याचे एक कारण कदाचित हेच असावे की तर्क आणि बीजगणित यांच्यामध्ये कुंपण आहे, हे बूल यांना कोणी शिकवलेच नव्हते.

दरम्यान आयर्लंडमध्ये सरकारने बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे तीन नवी क्वीन्स कॉलेजे उभारायचे ठरवले होते. १८४६ मध्ये बूल यांनी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. पदवी नसल्याचे त्यांनी लपवले नाही. डी मॉर्गन, केली, विल्यम टॉमसन अशा नामवंतांनी शिफारशी दिल्या. तरीही निर्णयासाठी तीन वर्षे थांबावे लागले आणि तेवढ्यात, १८४८ च्या अखेरीस, वडील वारले. १८४९ मध्ये कॉर्कच्या महाविद्यालयाचे पहिले गणित प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. बटाट्याच्या दुष्काळाने होरपळलेल्या त्या गावात बूल यांनी उरलेले आयुष्य काढले. विकलक समीकरणांवर १८५९ मध्ये आणि सांत अंतरांच्या कलनावर १८६० मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले ग्रंथ दीर्घकाळ अभ्यासले गेले. ज्याला स्वतःला चांगला शिक्षक लाभला नाही त्याने दुसऱ्यांसाठी वाट सोपी करून ठेवावी, यात नवल नाही.

१८५५ मध्ये त्यांचा मेरी एव्हरेस्ट यांच्याशी विवाह झाला. भारताचे सर्वेक्षक प्रमुख म्हणून काम केलेले आणि जगातील सर्वोच्च शिखराला ज्यांचे नाव मिळाले ते जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे काका. मेरी सतरा वर्षांनी लहान; गणिताची ओढ असूनही अकराव्या वर्षी शाळा सुटलेली. बूल यांनी आधी तिला गणित शिकवले, मग लग्न झाले. काकांमार्फत भारतीय विचार इंग्लंडच्या गणितज्ञांपर्यंत पोचले आणि त्यांत आपले पतीही होते, असे मेरीने १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रात मांडले आहे. आपल्याकडे हा दावा उत्साहाने सांगितला जातो. बूल यांच्या स्वतःच्या लेखनातून मात्र त्याला ठोस आधार मिळत नाही.

नोव्हेंबर १८६४ मध्ये घरापासून महाविद्यालयापर्यंतचे सुमारे तीन मैलांचे अंतर बूल मुसळधार पावसात चालत गेले आणि ओल्या कपड्यांनीच त्यांनी तास घेतला. ताप आला, तो फुप्फुसांत उतरला. जे कारण तेच औषध, या समजुतीने मेरीने त्यांना ओल्या चादरींत गुंडाळले, असेही सांगितले जाते. ८ डिसेंबर रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. दोनच वर्षांपूर्वी लंडनच्या प्रदर्शनात गणनयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांची त्यांच्याशी भेट झाली होती. एकाकडे यंत्र होते, दुसऱ्याकडे त्या यंत्राला लागणारी भाषा. भेटीतून पुढे काही निघाले नाही.

ते निघाले त्र्याहत्तर वर्षांनी, आणि तेही विद्यापीठात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकताना क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याची तत्त्वज्ञानाच्या वर्गात बूल यांच्या तर्कशास्त्राशी ओळख झाली. १९३६ मध्ये तो एमआयटीत आला आणि तेथल्या गणनयंत्रातील रिले स्विचांच्या जोडण्या पाहताना त्याच्या लक्षात आले की, उघडे आणि बंद म्हणजे शून्य आणि एकच. एकामागे एक जोडलेली बटणे म्हणजे 'आणि', समांतर जोडलेली म्हणजे 'किंवा'. १९३७ मध्ये त्याने पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात हे सिद्ध केले. जपान आणि सोव्हिएत संघातही याच सुमारास काहींना हीच वाट दिसली होती. शॅनन यांच्या हाती आलेले बीजगणित जसेच्या तसे बूल यांचे नव्हते. जेव्हन्स, पर्स, श्र्योडर यांनी मधल्या काळात त्याची डागडुजी केली होती. बूल यांनी एकट्याने शोधलेली गोष्ट अभियंत्याच्या टेबलापर्यंत पोचली ती मात्र वर्गातल्या फळ्यावरूनच.

पाच मुलींची आई असलेल्या मेरी पतीच्या मागे लंडनला आल्या. स्त्रियांच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम करताना त्यांनी मुलांना गणित शिकवण्याच्या आपल्या रीती घडवल्या. पुठ्ठ्याला भोके पाडून सुईदोऱ्याने सरळ टाके घालत गेले की वक्ररेषा कशी उमटते, हे त्या मुलांच्याच हातून करवून घेत. मुलींपैकी लूसी विद्यापीठाच्या पदवीशिवाय रसायनशास्त्र शिकवू लागली. ईथेल लिलियन हिने 'द गॅडफ्लाय' ही गाजलेली कादंबरी लिहिली. तिसरी, ॲलिशिया, शाळेपलीकडे फारसे शिकली नव्हती. चार मितींमधील आकृतींचे छेद तिने मनानेच ओळखले आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करून ते पडताळून पाहिले. नेदरलँड्समधील प्राध्यापक स्काउटे यांचे याच विषयावरील काम तिच्या दृष्टीस पडले, तेव्हा तिने आपल्या प्रतिकृतींची छायाचित्रे त्यांना पाठवली. दोघांनी वीस वर्षे एकत्र काम केले आणि १९१४ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली.