एक्सप्लेनर : मार्कोनी यांचा २० खांबांचा अँटेना वादळात का कोसळला?
इटलीत १८७४ मध्ये जन्मलेल्या गुग्लिएल्मो मार्कोनी यांना अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवायचा होता. त्यासाठी इंग्लंडमधील पोल्धू येथे सुमारे ६१ मीटर उंचीचे २० खांब वर्तुळात उभारले. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळात ते कोसळले.

कारण काय? खांबांची टोके एकमेकांना बांधलेली होती. एक पडला, की शेजारचाही ओढला जाई. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील केप कॉडचा अँटेनाही वाऱ्याने पाडला.

मार्कोनी थांबले नाहीत. पोल्धूत दोन खांबांवर साधा अँटेना टांगला, न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला तार बांधली. १२ डिसेंबरला संदेश ऐकू आल्याचे त्यांनी जाहीर केले. पुढे पोल्धूत चार भक्कम लाकडी मनोरे आले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळाले. १९३७ मध्ये निधन झाले, तेव्हा ब्रिटनमधील रेडिओ दोन मिनिटे शांत होता.