हेन्री घराण्याचा वारसा

पवित्र शास्त्र वाचतांना वंशावळी आल्या कीं पुष्कळ जण पान उलटून पुढें जातात. परंतु त्या नांवांच्या रांगेंत श्रद्धावान व अपराधी एकापाठोपाठ उभे असतात, आणि कोणाचेंही नांव लाजेस्तव गाळलेलें नसतें. आज आम्ही अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांताच्या एका घराण्याची हकीकत त्याच रीतीनें सांगणार आहों. ह्या घराण्यांत पॅट्रिक हेन्री नांवाचा पुरुष जन्मास आला. आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीं झटणारांमध्यें त्याची गणना पहिल्या रांगेंत होते.

ह्या घराण्याचें मूळ स्कॉटलंड देशांतील ॲबर्डीन प्रांतांत आहे. तेथील जॉन हेन्री ह्यानें ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजांत कांहीं काळ विद्याभ्यास केला, व सुमारें १७२७ सालीं समुद्र ओलांडून तो व्हर्जिनियांत आला. तेथें त्याच्याच प्रांताकडील जॉन साइम नांवाचा गृहस्थ तंबाखूचे मळे बाळगून होता. पुढें १७३१ सालीं साइम मरण पावला, आणि त्याची विधवा सारा हिच्याशीं जॉन हेन्रीनें विवाह केला. त्यांच्या पोटीं हॅनोव्हर परगण्यांत १७३६ च्या मे महिन्याच्या २९ तारखेस पॅट्रिक जन्मला. मुलाचें नांव चुलत्याचें ठेविलें. हा चुलता त्याच परगण्यांत इंग्लंडच्या मंडळीचा पाळक होता.

बाप व चुलता इंग्लंडच्या मंडळीचे असले, तरी आईचा ओढा प्रेस्बिटेरियन मंडळीकडे होता. पॅट्रिक अकरा-बारा वर्षांचा असतां रे. सॅम्युएल डेव्हिस हे हॅनोव्हर परगण्यांत उपदेश करूं लागले. सारा आपल्या मुलांस घोडागाडींत बसवून त्यांचा उपदेश ऐकावयास नेत असे, आणि परत येतांना उपदेशाचें वचन कोणतें व सारांश काय, हें ती पॅट्रिककडून म्हणवून घेत असे. पुढें ज्याच्या वाणीनें सारा देश हालला, त्याची पहिली शाळा ती घोडागाडी होय. मुलांस उपासनेस नेणाऱ्या आयांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ह्याच डेव्हिस साहेबांनीं मळ्यांवरील शेंकडों गुलामांस उपदेश केला, पुष्कळांस वाचावयास शिकविलें व बाप्तिस्मा दिला, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

पॅट्रिकचा संसार १७५४ सालीं सुरू झाला. पत्नी सारा शेल्टन हिच्या बापानें आंदण म्हणून ३०० एकर जमीन व सहा गुलाम दिले. भांडीं व गुरें द्यावीं तशीं माणसें आंदण दिलीं जात, आणि त्यांत कोणास कांहीं विपरीत वाटत नसे. तीन वर्षांनीं घर जळालें. दुकान काढलें, तेंही बुडालें. अखेरीस कायद्याचा अभ्यास करून १७६० सालीं तो वकील झाला, आणि तेथें त्यास यश आलें.

त्या काळीं व्हर्जिनियांत पाळकांचें वेतन तंबाखूच्या रूपानें देत. दुष्काळामुळें तंबाखूचा भाव चढला, तेव्हां प्रांताच्या कायदेमंडळानें एका पौंडास दोन पेनी ह्या दरानें वेतन रोख देण्याचा कायदा केला. परंतु इंग्लंडच्या राजानें तो नामंजूर केला. तेव्हां एका पाळकानें नुकसानभरपाईची फिर्याद केली. १७६३ सालीं पॅट्रिकनें त्या खटल्यांत लोकांच्या बाजूनें असें भाषण केलें कीं, पंचांनीं त्या पाळकास अवघी एक पेनी देवविली. न्यायासनावर त्याचा स्वतःचा बाप बसला होता. पुढें १७६५ सालीं स्टँपच्या कराविरुद्ध त्यानें ठराव आणिले, आणि १७७५ च्या मार्च महिन्यांत रिचमंड येथील सेंट जॉनच्या देवळांत भरलेल्या सभेंत, दास होऊन जगण्यापेक्षां मरण बरें, अशा आशयाचें भाषण केलें. तें आजही अमेरिकेंतील मुलें शाळेंत पाठ करितात. १७७६ सालीं तो स्वतंत्र व्हर्जिनियाचा पहिला गव्हर्नर झाला.

येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु वंशावळ वाचणारानें पुढचें पानही वाचिलें पाहिजे. त्या भाषणापूर्वी दोन वर्षें, १७७३ च्या जानेवारींत, रॉबर्ट प्लेझंट्स नांवाच्या एका क्वेकर गृहस्थानें पॅट्रिककडे गुलामगिरीच्या निषेधाचें एक पुस्तक पाठविलें. पॅट्रिकनें उत्तर लिहिलें तें मोठें प्रामाणिक आहे. गुलामगिरी ही ख्रिस्ती धर्मास व मनुष्यत्वास सोडून आहे, हें त्यानें मान्य केलें. आपण स्वतः गुलाम विकत घेतले आहेत, त्यांच्यावांचून राहणें गैरसोयीचें म्हणून आपण ते ठेवितों, परंतु ह्याचें समर्थन आपण करीत नाहीं व करूं शकत नाहीं, असेंही त्यानें कबूल केलें. हें पाप आपल्या हातून दूर होत नसेल, तर निदान गुलामांबरोबर त्यांच्याविषयींची कळवळ व गुलामगिरीचा तिटकारा तरी मुलांबाळांस वारशानें द्यावा, असें त्याचें म्हणणें होतें.

आतां पाहा, वारसा काय दिला गेला. त्याच्या गव्हर्नरपणाच्या काळांत, १७७८ सालीं, बाहेरून गुलाम आणण्यास व्हर्जिनियांत बंदी झाली, हें खरें. परंतु त्याच्या घरचे गुलाम वाढतच गेले. पहिली पत्नी सहा मुलें मागें ठेवून १७७५ सालीं वारली; दुसरी पत्नी डोरोथिया हिला अकरा मुलें झालीं. १७९९ च्या जूनच्या ६ तारखेस रेड हिल ह्या मळ्यावर तो मरण पावला, तेव्हां आंदणाच्या सहांचे ६७ गुलाम झाले होते, आणि ते पत्नी व मुलांत वांटले गेले. पत्नीची इच्छा असल्यास तिनें एकदोघांस मुक्त करावें, एवढीच मुभा मृत्युपत्रांत होती. त्याच मृत्युपत्राच्या शेवटीं, ख्रिस्ताचा धर्म हाच मुलांस खरें श्रीमंत करणारा वारसा होय, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे.

गैरसोय मोठी होती म्हणून तसें झालें, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर त्याच घरांत आहे. पॅट्रिकची धाकटी बहीण एलिझाबेथ १७४९ सालीं जन्मली होती. तिचे दोन्ही पति लढाईंत नांवाजलेले सेनापति होते. १७८८ सालीं मेथडिस्ट उपदेशकांचा उपदेश ऐकून तिचें अंतःकरण पालटलें, आणि तिचें घर प्रवासी उपदेशकांस सदा उघडें झालें. दुसऱ्यानदां विधवा झाल्यावर तिनें आपल्या गुलामांस मुक्त करण्याचा लेख करून दिला. हीं माणसें स्वभावतः आपल्याइतकींच स्वतंत्र आहेत व त्यांस दास्यांत ठेवणें पाप आहे, असें कारण तिनें त्यांत नमूद केलें. एकाच आईचीं हीं दोन लेंकरें. भाऊ तिच्याहून विद्वान व वक्ता होता. त्यास जें समजलें होतें तेंच तिला समजलें, पण तिनें तें केलें.

तरी चांगुलपणाही रक्ताबरोबर आपोआप उतरत नाहीं. तिच्या मुलीचा मुलगा विल्यम कॅम्बेल प्रेस्टन हा पुढें दक्षिण कॅरोलायनाच्या वतीनें अमेरिकेच्या वरिष्ठ सभेंत गेला, आणि गुलामगिरीचा कैवारी झाला. आजीचा १८२५ सालीं मृत्यु झाला. तिचा लेख नातवाच्या मनावर उमटला नाहीं. सर्व देशांतील गुलामांची मुक्तता होण्यास १८६५ साल उजाडावें लागलें, व तेंही भयंकर युद्धानंतर.

ह्यावरून आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे. आमचीं मुलें आमचे शब्द ऐकतात खरीं, परंतु वारसा म्हणून घेतात तो आमच्या हातांत जें असेल तोच. हातांत दुसऱ्याचें बंधन असेल, तर मुखांतली कळवळ मुलांपर्यंत पोहोंचत नाहीं. जें अयोग्य म्हणून आपणांस पटलें आहे, तें गैरसोय सोसून आपल्याच हयातींत सोडावें. तें पुढल्या पिढीच्या गळ्यांत बांधूं नये.